चकलीचे काटे कुणाचे? एआयने काढलेलं चित्र आणि त्यावरचा हक्क

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गिरगावात तुमचं दोघींचं छोटं डिझाइनचं काम आहे. गेल्या दिवाळीआधी घरगुती फराळ विकणाऱ्या एका काकूंसाठी तुम्ही चकलीच्या पाकिटावरचं चित्र केलंत. नऊवारी नेसलेली आजी पाटावर बसून चकल्या पाडतेय. मूळ चित्र एआयकडून काढून घेतलं आणि मग त्यावर हाताने काम केलं. यंदा दादरच्या एका दुकानात भलत्याच कुणाच्या भाजणीच्या पाकिटावर तीच आजी दिसली. आता तुम्ही विचारताय की या चित्राचा कॉपीराइट माझा, काकूंचा की एआय बनवणाऱ्या कंपनीचा? आणि नोटीस पाठवू का?

नोटीस आज पाठवू नका. का, ते पुढे सांगतो.

फोर्टात वकिली करून मला २३ वर्षं झाली. त्यातली बरीचशी लेबलं, कॅलेंडरं, मुखपृष्ठं आणि जिंगल यांच्या भांडणांत गेली. हल्ली आठवड्याला एखादा तरी अशील एआयचं काहीतरी घेऊन येतो आणि खुर्चीत बसता बसता विचारतो, "मालक कोण?" हा प्रश्न दुसरा. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघण्याआधी जमीन आहे का ते बघावं लागतं. एआयच्या बाबतीत अडचण नेमकी तिथेच आहे, आणि गंमत अशी की आपल्या कायद्यात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे.

कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि कलम २(डी)मध्ये, म्हणजे 'कर्ता' कुणाला म्हणायचं हे सांगणाऱ्या कलमात, एक ओळ वाढली. संगणकाने तयार झालेल्या साहित्य, नाट्य, संगीत किंवा कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती. तेव्हा मुंबईत सर्वसामान्य माणसाला इंटरनेटही मिळालेलं नव्हतं, ते आलं १५ ऑगस्ट १९९५ला. ही ओळ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आजचं एआय असण्याचं कारणच नाही. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. कृतीसाठी लागणारी जुळवाजुळव ज्याने केली तो कर्ता, आणि संरक्षण ५० वर्षांचं.

या ओळीवर बोट ठेवून बरेच जण म्हणतात, झालं की मग, ॲपला दिलेली सूचना (प्रॉम्प्ट) मी लिहिली, म्हणजे कृती मी घडवून आणली, म्हणजे कर्ता मी. इथवर ठीक आहे. 'व्यक्ती' म्हटल्यामुळे मशीन कर्ता नाही, हेही बऱ्यापैकी स्पष्ट होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ साली एका निकालात कंपनीसुद्धा कर्ता होऊ शकत नाही असं म्हटलं आहे. कंपनी मालक होऊ शकते, पण कर्ता माणूसच हवा. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांपैकी कित्येकांत कर्त्याच्या रकान्यात एजन्सीचं नाव टाकलेलं असतं, ते मी आधी खोडायला लावतो. तुम्हीही तिथे तुमचं नाव लिहा.

पण कर्ता कोण हे ठरलं म्हणजे कॉपीराइट आहे असं होत नाही. कलम १३ म्हणतं की कृती 'मौलिक' हवी. आणि मौलिक म्हणजे काय हे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सांगितलं. निकाल डिसेंबर २००७चा. भांडण होतं न्यायालयाच्या निकालपत्रांच्या संपादित आवृत्त्यांवरून. न्यायालय म्हणालं की नुसती मेहनत आणि खर्च पुरत नाही. कौशल्य आणि विचारपूर्वक केलेली निवड दिसली पाहिजे, किमान थोडी तरी सर्जनशीलता हवी. तेव्हा "मी रात्री तीन वाजेपर्यंत दोनशे वेळा सूचना बदलून बघितली" हे वाक्य मला ऐकवू नका. तुमच्या जागरणाबद्दल आदर आहे, पण मोडक निकालानंतर घामाला कॉपीराइट मिळत नाही.

अमेरिकेत हे टोकाला जाऊन तपासलं गेलं. जेसन ॲलन या गृहस्थांनी एआयकडून काढून घेतलेल्या चित्राला २०२२मध्ये कोलोरॅडोच्या राज्य मेळ्यात बक्षीस मिळालं. त्यांचं म्हणणं होतं की त्यांनी किमान ६२४ सूचना देऊन ते चित्र घडवलं. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३मध्ये नोंदणी नाकारली, कारण मशीनने केलेला भाग बाजूला काढून उरलेल्यावर हक्क सांगायला ते तयार नव्हते. स्टीफन थेलर तर आणखी पुढे गेले. चित्र मशीननेच केलं, कर्ता मशीनच, असा त्यांचा अर्ज होता. तो फेटाळला गेला आणि मार्च २०२५मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानेही सांगितलं की कर्ता माणूस हवा. तुमच्या कामाचा दाखला मात्र तिसरा आहे, क्रिस काश्तानोवा यांच्या चित्रकथेचा. फेब्रुवारी २०२३मध्ये कार्यालयाने त्यातल्या मजकुराला आणि चित्रं-मजकुराच्या मांडणीला संरक्षण दिलं, पण एआयने काढलेली सुटी चित्रं वगळली. म्हणजे एकाच पानावर अर्धं तुमचं आणि अर्धं कुणाचंच नाही.

चीनमध्ये वेगळं झालं. नोव्हेंबर २०२३मध्ये बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने सूचना आणि सेटिंग्ज बदलत बदलत काढलेल्या एका चित्राला कॉपीराइट आहे असं मानलं आणि ५०० युआन भरपाई दिली. आकडा बघून हसू नका, तत्त्व महत्त्वाचं आहे. तिथल्या न्यायाधीशांना सूचनांमध्येच माणसाची निवड दिसली.

आपल्याकडे? अंकित साहनी या वकिलांनी 'राघव' नावाच्या एआयच्या मदतीने 'सूर्यास्त' हे चित्र केलं. स्वतः काढलेला मावळतीचा फोटो आणि व्हॅन गॉगची शैली असं ते मिश्रण. एआयला एकमेव कर्ता दाखवणारा अर्ज आपल्या कॉपीराइट कार्यालयाने नाकारला, पण माणूस आणि एआय असे दोघे सहकर्ते दाखवल्यावर २०२०मध्ये नोंदणी दिली. वर्षभराने त्याच कार्यालयाने ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. तेव्हा कुणी तुम्हाला "भारतात एआयला सहकर्ता म्हणून मान्यता आहे" असं सांगितलं तर चहा पाजून निरोप द्या. केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाची समिती या सगळ्यावर काम करते आहे. डिसेंबर २०२५मध्ये आलेल्या तिच्या कार्यपत्रिकेचा पहिला भाग मुख्यतः एआयला शिकवण्यासाठी वापरलेल्या साहित्याचा मोबदला कसा द्यायचा यावर आहे. तुमचा विषय त्यात सुटलेला नाही.

माझं मत विचाराल तर मुंबईतले न्यायाधीश ईस्टर्न बुकच्या कसोटीवरूनच चालतील. नुसत्या सूचनेतून निघालेल्या चित्रावर मी दावा उभा करणार नाही. कलम २(डी)ची ती ओळ वाचून एखादं खंडपीठ उद्या उलटं म्हणू शकेल, नाही असं नाही. पण अशिलाच्या पैशांवर तो प्रयोग मी करत नाही.

आता तुमच्या आजीकडे येऊ.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून बघितले. पहिला फोटो मशीनने दिलेल्या कच्च्या चित्राचा. त्यात आजीच्या हातात सोऱ्या नाहीच, मिरपूड दळायच्या यंत्रासारखं काहीतरी लाकडी आहे. डाव्या हाताला सहा बोटं. नऊवारीचा काष्टा कुठून कुठे गेलाय ते देवाला ठाऊक. आणि समोर कागदावर ज्या चकल्या पडल्यात त्यांना काटे नाहीत! जिलबी वाटावी अशा गुळगुळीत. दुसरा फोटो छापील पाकिटाचा. इथे पितळी सोऱ्या आहे, तुमच्या आईचा समोर ठेवून काढलेला. त्याच्या वरच्या आडव्या दांड्याचं उजवं टोक जरा खाली वाकलंय, कारण तो खरंच तसा आहे. नऊवारीचा काठ तुम्ही नव्याने रेखाटलात, चकल्यांना काटे काढलेत, आणि नाव हाताने लिहिलंत. सहावं बोट पुसल्यावर मात्र उरलेली बोटं थोडी फाकलेली राहिली, ते तुमच्या नजरेतून सुटलं. सुटलं ते बरंच झालं.

कारण तिसऱ्या फोटोत, दादरच्या पाकिटावर, बोटं तशीच फाकलेली आहेत. रंग हिरवट केलाय, नाव पुसलंय, आजीला उलट दिशेला तोंड करून बसवलंय. पण सोऱ्याचा दांडा वाकलेला आहे. आरशात दिसावा तसा, आता डाव्या बाजूला. काटेही तुमचेच. प्रत्येक चकलीला शेवटच्या वेढ्याला ते विरळ होतात, कारण तुमचा हात तिथे कंटाळला असावा.

याचं महत्त्व सांगतो. कॉपीराइटमध्ये दोन माणसांनी स्वतंत्रपणे सारखंच चित्र काढलं तर चोरी होत नाही. एआयच्या काळात हा बचाव फार सोपा झालाय. समोरचा म्हणेल, "साहेब, मीपण त्याच ॲपला 'नऊवारीतली आजी चकल्या करताना' असं सांगितलं, मला असंच मिळालं." आणि ते खरंही असू शकतं. शिवाय आजी चकल्या पाडतेय ही कल्पना कुणाच्याच मालकीची नाही. १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कल्पनेला कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्याला असतो. पण जगातल्या कुठल्याही मशीनला तुमच्या आईचा वाकलेला दांडा ठाऊक असण्याची सोय नाही. नकलेला मूळ चित्रातल्या चुका चिकटतात, हे लेबलांच्या खटल्यांत जुनंच शस्त्र आहे. बरं, समोरच्याने मशीनच्या कच्च्या चित्रातलं घेतलेलं नाही. तुमच्या हाताने जे झालं, नेमकं तेच उचललंय.

म्हणून तुमचा दावा 'आजीच्या चित्रावर' करायचा नाही. तो सोऱ्यावर, काठावर, काट्यांवर आणि एकूण मांडणीवर करायचा. चेहरा, बसण्याची ढब, मागची चूल हे सोडून द्या. ऐकायला कमीपणाचं वाटतं, पण न्यायालयात छोटा आणि घट्ट दावा मोठ्या आणि भुसभुशीत दाव्यापेक्षा लवकर मनाई हुकूम मिळवून देतो. शिवाय कायद्याला सौंदर्याचं देणंघेणं नाही. कलाकृतीच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की तिला कलात्मक दर्जा असो वा नसो. तुमचा सोऱ्या जसा आहे तसा चालेल.

मालकीचं आता बघू, आणि इथे तुम्हाला आवडणार नाही असं सांगायचंय. ते चित्र काकूंनी पैसे देऊन करून घेतलं. कलम १७(बी) म्हणतं की मोबदला देऊन करून घेतलेला फोटो, रंगचित्र, व्यक्तिचित्र, उत्कीर्ण चित्र किंवा चित्रपट याची पहिली मालक काम सांगणारी व्यक्ती असते, वेगळा करार नसेल तर. संगणकावर केलेलं पाकिटाचं चित्र 'रंगचित्र' होतं का, यावर दोन्ही बाजूंनी तासभर बोलता येईल. तुमच्यात आणि काकूंमध्ये लेखी काही नाही. असतील ते व्हॉट्सॲपचे मेसेज, 'मस्त झालंय गं' आणि खाली नमस्काराचे हात. हा वाद समोरच्याच्या वकिलाला भेट म्हणून द्यायचा नसेल तर काकूंबरोबर बसून आत्ताच एक पानाचा करारनामा करा. कलम १९प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. हक्क काकूंकडे द्यायचे की तुमच्याकडे ठेवून त्यांना वापरायची परवानगी द्यायची, ते तुम्ही आणि काकू मिळून ठरवा. दावा मात्र तुमच्या आणि काकूंच्या, दोन्ही नावांनी करा. मग मालक ही की ती यावर कुणाला खेळत बसता येणार नाही.

एआय कंपनीची काळजी त्यामानाने कमी आहे. तुम्ही वापरलेल्या ॲपच्या अटी काढून वाचा, जी तारीख तुमच्या कामाची त्या तारखेच्या. बऱ्याच कंपन्या लिहितात की निघालेल्या चित्रावरचे आमचे हक्क, 'असलेच तर', आम्ही तुम्हाला देतो. ते 'असलेच तर' नीट वाचा. कंपनीच्या वकिलांनाही ठाऊक आहे की देण्यासारखं बहुधा काही नाही. शिवाय दुसऱ्या कुणाला सारखंच चित्र मिळू शकतं हेही तिथेच लिहिलेलं असतं. काही ॲपच्या फुकटच्या खात्यावर व्यावसायिक वापराला मनाई असते. तुम्ही कुठल्या खात्यावरून काढलं होतं, ते तपासा.

आता ज्या वाटेने मी स्वतः जाईन ती. पाकिटाच्या भांडणात कॉपीराइट हा एकच रस्ता नाही, आणि एआयच्या बाबतीत तर तो पहिला रस्ताही नाही. काकूंचा माल त्या आजीच्या चित्रामुळे ओळखला जातो का? गिऱ्हाईक दुकानात येऊन "ती आजीवाली चकली द्या" म्हणतं का? म्हणत असेल तर समोरचा स्वतःचा माल काकूंचा म्हणून खपवतोय, आणि ट्रेडमार्क नोंदलेला नसला तरी त्यावर दावा चालतो. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २७ने हा हक्क शाबूत ठेवलाय. इथे न्यायालय चित्र कुणी काढलं हे विचारतच नाही. माणसाने काढलं, मशीनने काढलं, की आपोआप उमटलं, फरक पडत नाही. विचारतं ते एवढंच की बाजारात आधी कोण होतं, नाव किती झालंय, आणि गिऱ्हाईक फसेल का. पुरावा लागतो तो बिलांचा, सीएच्या विक्री दाखल्याचा, जाहिरातींचा, प्रदर्शनातल्या स्टॉलच्या फोटोंचा. काकू कच्च्या वहीत हिशेब ठेवत असतील तर तीही लागेल. एकाच दिवाळीची विक्री असेल तर नाव झालंय हे सिद्ध करायला जड जाईल, हे मान्य. पण गिरगाव-दादर पट्ट्यातल्या गिऱ्हाइकांची दोन-चार प्रतिज्ञापत्रं मिळाली तर बरंच काम होतं.

त्याच वेळी ते चित्र आणि नाव मिळून ट्रेडमार्कचा अर्ज करून टाका. चकली बहुधा वर्ग ३०मध्ये येते. व्यक्ती किंवा छोटा उद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण तिथवर जायची गरज पडत नाही. नोंदणी १० वर्षांची आणि पुढे वाढत राहते. ट्रेडमार्कच्या अर्जात कर्ता कोण हा रकानाच नाही.

कॉपीराइटची नोंदणी करू का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. सक्ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१मध्ये खाद्यतेलाच्या लेबलाच्या एका खटल्यात, संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग, ठामपणे सांगितलं की दावा करायला नोंदणी लागत नाही. तरीही नोंदणी असली तर प्रथमदर्शनी पुरावा होतो. मालावर वापरायच्या कलाकृतीची फी २,००० रुपये. त्यासोबत त्या चित्रासारखं ट्रेडमार्क दुसऱ्या कुणाच्या नावावर आधी नोंदलेलं नाही असा ट्रेडमार्क कार्यालयाचा दाखला लागतो, अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. करायची असेल तर एक अट, एआय वापरल्याचं लपवू नका. नमुन्यात त्यासाठी वेगळा रकाना नाही, म्हणून जोडपत्रात लिहा की मूळ आराखडा एआयच्या मदतीने घेतला आणि हे हे भाग मी हाताने रेखाटले, हक्क त्या भागांवर मागते आहे. अधिकाऱ्याची दिशाभूल करणारं खोटं निवेदन हा पूर्वी कलम ६८खाली एक वर्षापर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा होता, ते कलम २०२३च्या जन विश्वास कायद्याने वगळलं. पण तुरुंगाचं सोडा, उलटतपासणीत समोरचा वकील पहिलाच प्रश्न हा विचारेल की चित्र एआयने काढलं का. तिथे एकदा खोटं सापडलं की तुमचा खरा सोऱ्याही खोटा वाटायला लागतो.

नोटीस थांबवायला सांगितली त्याचं कारण कलम ६०. कॉपीराइट आहे असं भासवून बिनबुडाची धमकी दिली तर समोरचा तुमच्यावरच दावा लावू शकतो, धमक्या थांबवा म्हणून, आणि नुकसानभरपाईही मागू शकतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाने मला न विचारता, कुठलातरी तयार मसुदा वापरून, समोरच्याला सात दिवसांत दहा लाख रुपये भरण्याची नोटीस धाडली. चित्रावरचे हक्क त्याच्याकडे आलेलेच नव्हते. सातव्या दिवशी त्यालाच समन्स आलं. आम्ही ते मिटवलं, पण त्याची फी त्याला मूळ चित्रापेक्षा महाग पडली. तुमच्या नोटिशीत 'आमच्या मूळ चित्राची हुबेहूब चोरी' असलं काही नको. कुठले भाग हाताने काढलेले आहेत, ते समोरच्याच्या पाकिटावर कुठे दिसतात, एवढंच लिहायचं. वाकलेल्या दांड्याचं मात्र नोटिशीत बोलायचं नाही, तो न्यायालयासाठी राखून ठेवा. आधीच सांगितलंत तर पुढच्या छपाईत तो सरळ होईल.

पुराव्याचं बोलतो, कारण एआयच्या खटल्यात सगळं तिथेच येऊन थांबतं. तुम्ही लिहिलंय की थर (लेयर) असलेली मूळ फाइल आहे, पण सूचनांचा इतिहास ॲपमधून पुसला गेलाय. तो ॲपकडे मागता येतो का ते बघा, पण त्यावाचून अडत नाही, कारण सूचनांवर आपण दावा करतच नाही. थरांची फाइल हे तुमचं सोनं आहे. ती आता उघडून 'सेव्ह' करू नका, तारीख बदलेल. आहे तशी दोन ठिकाणी प्रत करून ठेवा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलचा बोटाच्या ठशासारखा ओळख-आकडा, नोंदवायचा असतो आणि तज्ज्ञाची सहीही लागते. ते काम मी करून घेईन, तुम्ही फक्त फाइलला हात लावू नका. कागदावरची पेन्सिल रेखाटनं असतील तर तीही जपा. एआय आल्यापासून मी सगळ्या डिझाइनरांना सांगतोय की काम करताना मध्ये मध्ये फोटो काढून ठेवा, खडबडीत रेखाटनं फेकू नका. पूर्वी मूळ चित्र हाच पुरावा असायचा. आता मूळ चित्र मशीनचं असतं आणि पुरावा असतो तो त्यानंतर तुम्ही काय बदललं याचा.

जाता जाता जिंगलबद्दल, कारण तुमच्या मेलच्या तळाशी तोही प्रश्न होता. काकूंच्या रीलसाठी एआयकडून जी तीस सेकंदांची चाल करून घेतलीत तिची स्थिती चित्रापेक्षा वेगळी असू शकते. ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता असतो, आणि निर्माता म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. त्यात कलम १३ ध्वनिमुद्रणासाठी 'मौलिक' हा शब्दही वापरत नाही. तेव्हा चाल कुणाचीच नसली तरी ते मुद्रण तुमचं आहे असा युक्तिवाद मी हसत हसत करीन. पण त्यात एखाद्या गाजलेल्या गायिकेचा आवाज मागितला असेल तर रील आजच उतरवा. अरिजित सिंग यांच्या बाबतीत जुलै २०२४मध्ये आणि आशा भोसले यांच्या बाबतीत २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एआयने केलेल्या आवाजाच्या नकलांविरुद्ध मनाई हुकूम दिलेले आहेत. तो वेगळा हक्क आहे, आणि त्यात तुम्ही वादी नाही, प्रतिवादी असाल.

हे प्रकरण बहुधा न्यायालयापर्यंत जाणार नाही. समोरचाही कुणी छोटा व्यावसायिक असेल, चित्र त्याच्या डिझाइनरने परस्पर उचललेलं असेल. नीट लिहिलेल्या नोटिशीनंतर असे लोक पाकीट बदलतात आणि हमीपत्र देतात. दिवाळी तोंडावर असल्याने तातडीचा मनाई हुकूम मागायची वेळ आलीच तर तयारी हवी. तातडी नसलेल्या व्यापारी दाव्यात आधी मध्यस्थीला जावं लागतं आणि तोवर भाजणी विकून संपेल.

उद्या दादरला जा. ते पाकीट विकत घ्या, एक नको, तीन घ्या, आणि पक्कं बिल मागा. त्यावर तारीख आणि दुकानाचं नाव असू द्या. पाकिटं फोडू नका. मागच्या बाजूला उत्पादकाचं नाव, पत्ता आणि अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक असेल, त्याचा फोटो मला पाठवा. नोटीस कुणाच्या नावाने काढायची ते त्यावरून ठरेल. आणि आईला सांगा, यंदाच्या चकल्यांसाठी दुसरा सोऱ्या वापरा. त्या पितळी सोऱ्याचा दांडा कुणी ठोकून सरळ करायला नको.